चावी एकदाच

बारकू लहानपणी काटकुळा होता, म्हणून त्याचं नाव बारकू पडलं. आता तो त्रेसष्ट वर्षांचा होता, वजनाचा काटा नव्वदच्या खाली यायला तयार नव्हता, पण थोरल्या बहिणीच्या तोंडी तेच नाव बसलं होतं आणि तिच्यामुळे सगळ्या गल्लीच्या तोंडी. त्यानं उभा जन्म एका चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासण्यात घालवला. ताईनं बत्तीस वर्षं आगगाडीत तिकिटं तपासली. काचेवरचा केसाएवढा ओरखडा त्याला दिसायचा आणि समोरचा माणूस खोटं बोलायला लागण्याआधीच तिला कळायचं. एकमेकांवाचून दोघांचंही फारसं चालत नसे, आणि तसं कबूल करायला दोघंही तयार नसत.

बारकूची बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलीनं आपल्या घराजवळ त्याच्यासाठी दोन खोल्या बघून ठेवल्या आणि एवढ्या मोठ्या घरात एकट्यानं काय करायचंय म्हणून मागे लागली. शेवटी तो हो म्हणाला. टेप घेऊन ताई आली. पलंग मावत होता, टेबल मावत होतं, पुस्तकांची मांडणीसुद्धा कशीबशी मावत होती. मावत नव्हतं ते बाबांचं लोखंडी कपाट.

बाबा खेळण्यांच्या एका कारखान्याचे फिरते विक्रेते होते. महिन्यातले वीस दिवस ते परगावच्या दुकानांतून नमुन्यांची बॅग उघडून बसायचे. ढोल वाजवणारं अस्वल, पायानं मशीन चालवणारा शिंपी, चार पिल्लं ओढत नेणारं बदक, मोटरसायकलवर गोल गोल फिरणारा टोपीवाला, आणि सगळ्यांत भारी म्हणजे सहा विमानांचा पाळणा. सगळी पत्र्याची, रंगीत छापाची, चावीवर चालणारी. दरवर्षी नवे नमुने आले की जुने अर्ध्या किमतीत घ्यायची मुभा असायची, आणि घरात चपला शिवून शिवून वापरल्या जात असतानाही बाबा ते घ्यायचे. त्यांचा त्यावर जीव होता.

पण मुलांसाठी नव्हे. "ही खेळणी नाहीत, नमुने आहेत," असं ते म्हणायचे, आणि तो विषय तिथंच संपायचा. दौऱ्यावरून आल्यानंतरच्या रविवारी सकाळी ते कपाट उघडायचे, एक खोकं काढायचे आणि टेबलावरचं मेणकापड पुसून घ्यायचे. ताई आणि बारकू हात मागे बांधून उभे. मग बाबा चावी द्यायचे, एकदाच. अस्वल पाऊण मिनिट ढोल बडवायचं, हळू व्हायचं, एक काठी हवेत उचललेली राहायची आणि थांबायचं. "अजून एकदा," असं बारकू कधी म्हणालाच तर बाबा म्हणायचे, "स्प्रिंगला आयुष्य असतं. उधळायचं नाही." आणि अस्वल परत खोक्यात.

बाबा गेले, कारखाना बंद पडला, पुढे आई गेली. कपाट बारकूच्या बोळात येऊन उभं राहिलं आणि त्याच्यावर जुन्या छत्र्या साठत गेल्या.

त्या दिवशी ताईनं कपाट उघडलं. सत्तावीस खोकी होती. दोनतीन खोक्यांच्या कडांना कसर लागली होती. तिनं सहज म्हणून एका खोक्यावरचं नाव फोनमध्ये घालून बघितलं आणि मग जवळचं स्टूल ओढून त्याच्यावर बसली.

"बारक्या," ती म्हणाली, "हा विमानांचा पाळणा आहे ना, असाच एक मागच्या महिन्यात विकला गेलाय. माझ्या सहा महिन्यांच्या पेन्शनएवढ्याला."

"आपला विकायचा नाहीये," बारकू म्हणाला.

"मग कुठं ठेवणार आहेस? डोक्यावर?"

दोन दिवस तो घुटमळला. शेवटी कसरीनं निकाल लावला. असं ठेवून सगळंच भुगा व्हायचं, त्यापेक्षा ज्यांना कळतं त्यांच्याकडे तरी जाऊ दे, असं तो म्हणाला, आणि तसं म्हणून झाल्यावर बराच वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिला.

कुठलंही काम वरवर करणं ताईच्या स्वभावात नव्हतं. आधी पंधरा दिवस तिनं नुसतं वाचलं. महागड्या जुन्या वस्तू ऑनलाइन विकणारे कसे फसतात याच्या कहाण्या तिनं रहस्यकथा वाचाव्यात तशा वाचून काढल्या. कुणी घड्याळ मागवून खोक्यात साबणाची वडी परत पाठवली होती. कुणी माल हातात पडल्यावर बँकेला कळवलं होतं की हे पैसे मी दिलेच नाहीत. कुणी ठरल्यापेक्षा जास्त पैसे पाठवल्याचं दाखवून वरचे परत मागितले होते आणि मूळचे कधी आलेच नव्हते. तिला हे सगळं ओळखीचं वाटत होतं. "गाडीतल्या फुकट्यांत आणि यांच्यात काही फरक नाही," ती म्हणाली. "खरंच तिकीट हरवलेला माणूस आधी घाबरतो. ज्यानं काढलेलंच नसतं तो आधी चिडतो."

तिनं नियम काढले आणि कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवला. साइटच्या बाहेर कुणाशी बोलायचं नाही. पैसे जमा झाल्याशिवाय खोकं घराबाहेर पडणार नाही. साइटवर नोंदवलेला पत्ता सोडून दुसऱ्या पत्त्यावर पाठवायचं नाही. घेणाऱ्याची सही हवी. पार्सलच्या वजनाची पावती जपून ठेवायची. प्रत्येक खेळण्यावर एक बारीक खूण करायची, नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखालीच दिसेल अशी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाठवायच्या आधी खेळणं चालतं हे दाखवणारा व्हिडिओ काढायचा. उद्या कुणी म्हणालं बंद निघालं, तर पुरावा हवा.

या शेवटच्या नियमाचा खरा अर्थ मंगळवारी सकाळी बारकूच्या लक्षात आला. टेबलावर अस्वल होतं, समोर ताई फोन धरून उभी होती आणि चावी त्याच्या हातात होती. त्याच्या स्वतःच्या हातात. साठीच्या पुढचा माणूस, पण चावी भोकात घालण्याआधी त्यानं दोनदा मागे वळून दाराकडे बघितलं.

"काय झालं?"

"काही नाही. बाबा असते तर..."

"बाबा नाहीयेत. दे चावी. पुरावा आहे हा."

त्यानं चावी दिली. अस्वलानं ढोल बडवला. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी बडवायचं तसाच, डावी काठी जरा उशिरानं. बारकूच्या तोंडातून हसू फुटलं आणि ते व्हिडिओत आलं.

"हसू नकोस. परत घ्यावं लागेल."

परत घेतलं. या वेळी ताईचाच हात हलला. मग उजेड नीट नव्हता. मग रस्त्यावरून हॉर्न वाजला. एका अस्वलाचा व्हिडिओ काढायला सबंध सकाळ गेली, आणि सहावा व्हिडिओ तिसऱ्यापेक्षा कुठल्याही बाबतीत बरा नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

पुढचे काही आठवडे असेच गेले. ताई सकाळी दहाला यायची, चहा व्हायचा आणि एकेक खोकं उघडायचं. बदक पिल्लांसकट मेणकापडावरून चालत कडेला यायचं आणि बारकू त्याला ओंजळीत धरायचा. शिंप्याचा पाय मशीनवर हलायला लागला की ताई गप्प व्हायची. बारकूला खेळण्यांच्या खालच्या बाजूचं भारी वेड लागलं होतं. लहानपणी ती बाजू कधी बघायलाच मिळाली नव्हती. तो प्रत्येक खेळणं उलटं धरायचा आणि पत्र्याचे दोन भाग जोडण्यासाठी वाकवलेल्या बारीक जिभल्या, त्यांच्यावरचा अखंड रंग, कोपऱ्यातला कारखान्याचा शिक्का, सगळं फोनसमोर सावकाश फिरवायचा.

"अरे पोट काय दाखवतोयस त्याचं," ताई वैतागायची. "विकत घेणारा वरून बघणार आहे."

"राहू दे गं. असू दे."

नऊ खेळणी विनातक्रार गेली. लोकांनी चांगले शेरे लिहिले. दहावा होता मोटरसायकलवाला.

तो बारकूचा सगळ्यात लाडका. टोपी, गळ्यात लाल रुमाल, आणि गोल फिरता फिरता मध्येच हँडल सोडून हात वर करायचा. व्हिडिओच्या निमित्तानं बारकूनं त्याला अकरा वेळा चावी दिली. ताईनं मोजलं होतं. ज्यानं तो विकत घेतला त्यानं साइटवर स्वतःचं नाव 'जुना शौकीन' असं ठेवलं होतं. त्यानं भाव केला नाही, एकही प्रश्न विचारला नाही, लगेच पैसे भरले. ताईच्या कपाळाला आठी पडली. "ज्याला आवड आहे तो विचारल्याशिवाय राहत नाही," ती म्हणाली. पण नियमात बसत होतं सगळं, त्यामुळे पार्सल गेलं.

आठव्या दिवशी तक्रार आली. खेळणं बंद आहे, चावी नुसतीच फिरते, स्प्रिंग गेलेली आहे, मला फसवलंय, सगळे पैसे परत हवेत. सोबत चार फोटो. साइटनं पैसे अडकवून ठेवले आणि खेळणं परत मागवायला लावलं. आल्यावर तपासा, काही म्हणणं असेल तर पाच दिवसांत कळवा, असं कळवलं.

"बदललं असणार," ताई म्हणाली. "त्याच्याकडे असलेलं मोडकं पाठवेल. येऊ दे, खूण बघू."

पार्सल आलं. खोलतानाचाही व्हिडिओ तिनं काढला. मोटरसायकलवाला कागदात गुंडाळलेला होता, रुमाल तसाच लाल. तिनं पडदे ओढले, निळा दिवा लावला. मागच्या चाकाखाली तिनंच केलेला बारीक ठिपका चमकला.

दिवा बंद करून तिनं पडदे उघडले. "आपलाच आहे," ती म्हणाली.

बारकूनं चावी फिरवली. आतून खर्र असा आवाज आला आणि चाकं जागची हलली नाहीत. तो खुर्चीत बसला.

"मी मोडला," तो म्हणाला. "अकरा वेळा चावी दिली मी. बाबा सांगत होते. एवढी वर्षं सांभाळलेलं, आणि मी पोरासारखा..."

"काहीतरीच बोलू नकोस. व्हिडिओत चालत होता."

"शेवटच्या चावीला ताणली गेली असेल. वाटेत तुटली. देऊन टाक त्याचे पैसे. त्याची काय चूक आहे त्यात?"

ताईनं पुष्कळ समजावलं, पण त्याचं आपलं एकच. डोळ्यांत पाणी यायच्या बेताला आलं होतं. एका पत्र्याच्या माणसासाठी नव्हे, हे तिला कळत होतं. तो बाबांसमोर उभा होता आणि त्याच्या हातून नमुना मोडला होता. मग ती जे आयुष्यात कधी बोलली नव्हती ते बोलली.

"बारक्या, अकरा चाव्यांनी मोडायचा असता तर तो मी आठवीत असतानाच मोडला असता. शंभर वेळा तरी चालवलाय मी त्याला."

बारकूनं हातातला मोटरसायकलवाला टेबलावर ठेवला.

"कपाटाची चावी आईच्या बटणांच्या डब्यात असायची. मला सापडली होती. बाबा दौऱ्यावर, तू आणि आई दुपारी झोपलेले. मी सगळे बाहेर काढायचे, पुढच्या खोलीत फरशीवर मांडायचे, एकदम चालू करायचे. तासभर खेळून परत जसेच्या तसे ठेवायचे. दोनतीन वर्षं चाललं होतं."



"आणि मला नाही सांगितलंस," बारकू म्हणाला.

"तुझ्या पोटात काही राहायचं नाही. बाबा दारात दिसले की तू सगळं ओकला असतास."

"बाबा आले की रविवारी मी तुझ्या शेजारी उभा असायचो. एक चावी बघायला. वीसवीस दिवस वाट बघायचो मी. आणि तूही तोंड तसंच करून उभी राहायचीस."

"बारक्या, पंचावन्न वर्षं झाली त्याला."

"तू आता घरी जा," तो म्हणाला.

ती गेली. दुसऱ्या दिवशी तिनं फोन केला, त्यानं उचलला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पाचांतले दोन दिवस संपले होते. बारकू चिडला होता खरा, पण नुसतं चिडणंही नव्हतं ते. दाढी करताना, भाजी चिरताना त्याला ती दुपार दिसत राहायची. फरशीवर सत्तावीस खेळणी एकदम सुरू आहेत, अस्वल, बदक, विमानं, आणि भिंतीपलीकडे आपण झोपलोय. हेवा वाटायचा त्याला, एका तेरा वर्षांच्या मुलीचा. मग हळूच असंही वाटायचं की बरं झालं, निदान एकीनं तरी हौस भागवून घेतली. इतक्या खेळण्यांच्या घरात कुणीच खेळलं नसतं तर ते जास्त वाईट.

आणि मग, गॅसवर दूध ठेवून उभा असताना, त्याला एक गोष्ट आठवली, आणि दूध उतू गेलं.

दूध पुसून त्यानं मोटरसायकलवाला टेबलावर घेतला. शंभर चाव्या खाऊनही जो धडधाकट राहिला, तो अकरांनी मेला हे आता त्यालाही पटेना. कामावरचं जुनं भिंग त्यानं डोळ्याला लावलं, खेळणं उलटं केलं आणि खालच्या जिभल्या एकेक करून बघायला सुरुवात केली. चौथ्या जिभलीपाशी तो थांबला. वाकलेल्या जागी रंगाला केसासारखी पांढरी चीर गेली होती. पाचवीलाही. सहावीलाही. पत्रा एकदा सरळ करून परत वाकवला की रंग असाच तडकतो. त्यानं व्हिडिओ लावला, थांबवला, मोठा करून बघितला. तिथं सगळ्या जिभल्यांवरचा रंग सलग होता, एकही चीर नाही. ताई ज्याला पोट म्हणत होती, तेच पोट.

त्यानं फोन लावला. "ताई, ये. त्यानं उघडलाय हा. कवच आपलं, आतलं यंत्र त्याचं. आपलं चांगलं काढून घेतलं आणि स्वतःचं मोडकं बसवलं."

ताई पाऊण तासात आली, येताना एवढंच म्हणाली, "दूध करपल्याचा वास येतोय," आणि कामाला बसली. त्यानं भिंगातून फोटो काढले, तिनं ते व्हिडिओतल्या चित्रांशेजारी लावले आणि तक्रारीला उत्तर लिहिलं. चौकशी अहवाल लिहायची तिची सवय गेली नव्हती. विशेषण एक नाही, तारीख, वेळ आणि काय दिसतं ते. शेवटची ओळ बारकूनं घालायला लावली, की आम्ही हे खेळणं कधीही उघडलेलं नाही.

'जुना शौकीन' आधी चिडला. मोठमोठी पत्रं आली, वकिलाची भाषा आली. ताई ती वाचून खूश होत होती. "बघ, चिडला," ती म्हणायची. साइटनं विचारलं की खेळणं मिळाल्यावर तुम्ही काढलेला एखादा व्हिडिओ आहे का. त्यानंतर तो गप्प झाला. नवव्या दिवशी निकाल आला. तक्रार फेटाळली होती, पैसे सुटले होते आणि त्याचं खातं बंद केलं होतं. मोटरसायकलवाला मात्र यांच्याकडेच राहिला. आतलं यंत्र कुठं गेलं ते कधीच कळलं नाही.

ताईच्या कागदावर एक नियम वाढला: खालची बाजू नीट दाखवायची. तो तिनं स्वतःच लिहिला.

त्या आठवड्यात पाळण्याला गिऱ्हाईक मिळालं. ही बाई इतके प्रश्न विचारत होती की ताई पहिल्याच दिवशी निर्धास्त झाली. दोघं टेबलाशी बसून खोकं भरत होते. विमानांच्या मध्ये ताई मऊ कागदाचे बोळे घालत होती.

"एक सांगायचं राहिलं, दूध उतू गेलं तेव्हा आठवलं होतं ते," बारकू म्हणाला. "दुपारी झोपेत मला कधीकधी आवाज यायचा. घर्र घर्र. मी आईला विचारायचो, कसला आवाज. ती म्हणायची, शेजारचं शिलाई मशीन आहे, झोप तू. आणि माझ्या कानावर हात ठेवायची."

ताईचे हात चालूच होते. "हं. मग?"

"शेजारी कुठं मशीन होतं, ताई? एका बाजूला जिना होता आणि दुसऱ्या बाजूला कोळशाचं गोदाम."

ताईचा हात थांबला. बत्तीस वर्षं डब्यात शिरल्याबरोबर कोण चोरून बसलंय ते ओळखणारी बाई. तिच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मात्र बारकूला कळेना.

"ती झोपलेली असायची," ताई म्हणाली. "मी दारातून बघून घ्यायचे ना. डोळे मिटलेले असायचे."

"मिटलेले असायचे," बारकू म्हणाला.

"किल्ली बटणांच्या डब्यात... मी आधी दोनदा तो डबा बघितला होता. तेव्हा नव्हती त्यात." ती स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "एका शब्दानं बोलली नाही बाई कधी."

बारकूनं पाळण्यातलं एक विमान हळूच बोटानं ढकललं. ते अर्धा फेरा फिरून थांबलं.

"व्हिडिओ झालाय ना याचा?" ताईनं विचारलं.

"चार झालेत."

"उजेड बरा नव्हता त्या दिवशी," ती म्हणाली, आणि घातलेले कागदाचे बोळे एकेक करून परत बाहेर काढायला लागली.